व्हॅनला मोठी रिंग हवी, की पुरेशी हवा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत मारुती ईकोकडून काय काय करून घेतलं जात नाही? सकाळी ती शाळेची मुलं सोडते, पाळी बदलायच्या वेळी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामगार पोचवते, वस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करते आणि लग्नसराईत वऱ्हाडही नेते. एवढी कामं ओढणाऱ्या या गाडीच्या रिंगा मात्र १३ इंची. उंच, अरुंद अंगाखाली ती चाकं बघणाऱ्याला खुजी वाटतात. म्हणून गाडी दारात आली की थोड्याच दिवसांत विषय निघतो: १४ इंची मॅगव्हील आणि जरा भरदार टायर टाकायचे का? ‘बसतंय की, काही होत नाही,’ असं सांगणारेही लगेच भेटतात. बसतं हे खरं आहे. पण बसणं वेगळं आणि गाडीला मानवणं वेगळं. मोठी चाकं घेण्यामागे गाडी ब्रेकरवर घासू नये, भार नीट पेलावा, पकड वाढावी आणि रूप सुधारावं अशा चार अपेक्षा असतात. यातल्या पहिल्या तिन्हींसाठी मोठी रिंग हा चुकीचा उपाय आहे आणि चौथीसाठी तिची गरजच नाही, हे आकड्यांतून दाखवता येतं.

त्यासाठी आधी टायरच्या कडेवर कोरलेला मजकूर वाचावा लागतो. ईकोच्या वेगवेगळ्या मॉडेलांवर टायरचे प्रकार वेगळे मिळतात, म्हणून आपल्या गाडीचं माप दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत पाहून घ्यावं. इथे उदाहरणासाठी प्रवासी मॉडेलांवर दिसणारं १५५/६५ आर १३ हे माप घेऊ. १५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १३ हा रिंगेचा व्यास इंचांत. रिंगेचे ३३० मिमी आणि वरखाली दोन्ही कडांचे मिळून सुमारे २०१ मिमी, असा पूर्ण टायरचा व्यास ५३२ मिमी भरतो. या मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ७३ टी. गिऱ्हाईक सहसा तिकडे बघत नाही, पण भाराच्या गाडीसाठी कळीचा आकडा तोच. तो भारनिर्देशांक. ७३ म्हणजे तो टायर नेमलेल्या हवेत ३६५ किलो पेलू शकतो, ७७ म्हणजे ४१२, ७९ म्हणजे ४३७, ८४ म्हणजे ५००. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं, टी म्हणजे ताशी १९० किमी. दुधाच्या गाडीला त्या अक्षराशी फारसं देणंघेणं नाही, निर्देशांकाशी मात्र रोजचंच आहे. ४० लिटरचे बारा भरलेले कॅन म्हणजे नुसतं दूधच जवळजवळ अर्धा टन. त्यात कॅनचं वजन, चालक आणि जोडीदार. यातला बराचसा भार मागच्या दोन टायरांवर येतो.

हा भार नक्की कोण पेलतं? रबर नव्हे, लोखंडही नव्हे, आत कोंडलेली हवा पेलते. याचा पुरावा ऊसपट्ट्याच्या रस्त्यांवरच चालतो. जुन्या बैलगाडीचं लाकडी, लोखंडी धावेचं चाक चांगलं कमरेएवढं उंच असे. आज साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी राहणारी टायरची बैलगाडी त्याहून कितीतरी बुटक्या चाकांवर दोन-दोन टन ऊस आणते आणि बैलही तीच जोडी. चाक लहान झालं, तरी गाडीचा माल वाढला. कारण अरुंद लोखंडी धाव मातीत रुतते, तर हवेचा टायर जमिनीवर पसरून तोच भार रुंद जागेवर वाटतो. व्हॅनलाही हाच हिशेब लागू आहे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती असेल, ते ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब असं काढता येतं. टायरात ३५ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो दाब. चाकावर ३५० किलो भार असेल तर टेकणारी जागा होते १४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंज्याएवढी. या हिशेबात रिंगेचा व्यास कुठेच येत नाही. भार आणि दाब तेच ठेवून मोठा टायर घातला तर टेकणाऱ्या जागेचा आकार बदलतो, ती रुंद आणि आखूड होते. पण तिचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं.

आता मोठ्या चाकांचं गणित करू. ईकोसाठी सहज सुचवलं जाणारं एक माप १६५/६५ आर १४. त्याचा व्यास भरतो ५७० मिमी, म्हणजे मूळ टायरपेक्षा ३८ मिमी जास्त, सव्वासात टक्क्यांच्या आसपास. आणखी हौसेने १७५/६५ आर १४ घातला तर व्यास ५८३ मिमी होतो आणि वाढ पावणेदहा टक्क्यांवर जाते. चाक गाडीला आसाशी जोडलेलं असल्यामुळे गाडी उंच होते ती व्यासवाढीच्या निम्म्यानेच: पहिल्या मापात १९ मिमी, दुसऱ्यात २६ मिमी. म्हणजे एवढा खर्च करून पदरात पडते बोटभर जाडीची उंची. ब्रेकरवर गाडी घासते ही तक्रार खोटी नाही. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. ईकोच्या पोटाखाली रिकाम्या गाडीला सुमारे १६० मिमी जागा असते. मानकाप्रमाणे बांधलेल्या ब्रेकरवर ती घासायचं कारणच नाही. गावोगावी पोरंबाळं जपण्यासाठी रातोरात टाकलेले उभे, अरुंद ब्रेकर हे पहिलं कारण, आणि माल भरल्यावर स्प्रिंगा बसणं हे दुसरं. भरलेली गाडी चार-पाच सेंटीमीटर बसत असेल, तर दोन सेंटीमीटरचा टायर ते कसं भरून काढणार? तिथे थकलेल्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर बदलणं, भार दोन्ही आसांवर नीट वाटणं आणि नोंदलेल्या वजनाच्या आत राहणं हेच उपयोगाचं. मोठं चाक खड्ड्यावरून सुखाने जातं हे तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण त्रिज्येत १९ मिमीची वाढ झाल्याने न्हावरा-चौफुला रस्त्यावरचा खड्डा काही उथळ होत नाही.

या बोटभर उंचीची किंमत इंजिन मोजतं. इंजिनापासून आलेला पीळ (टॉर्क) चाकाच्या आसावर पोचतो आणि रस्त्यावर त्याचा जोर बनतो तो पीळ भागिले चाकाची त्रिज्या या प्रमाणात. त्रिज्या सव्वासात टक्के वाढली की रस्त्यावरचा जोर पावणेसात टक्के घटतो, कारण गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर कंपनीने मूळ व्यास धरून ठरवलेलं असतं. इथल्या बहुतेक व्हॅन सीएनजीवर चालतात, तिथे हा घाटा आणखी बोचतो. १.२ लिटरच्या सध्याच्या ईकोचा पीळ पेट्रोलवर १०४.४ न्यूटन मीटर, तर सीएनजीवर ९५. म्हणजे गॅसवर चालताना नऊ टक्के आधीच गेले. त्यात मोठा टायर आला की पेट्रोल आणि मूळ टायर यांच्या तुलनेत रस्त्यावरचा जोर एकूण १५ टक्क्यांनी कमी होतो. भरलेली गाडी चढाला दुसऱ्या गिअरवर उचलायची वेळ येते, ओल्या शेतरस्त्यावरून कांद्याच्या गोण्या बाहेर काढायच्या असतात, शिक्रापूरच्या कोंडीत दर मिनिटाला गाडी सोडायची आणि थांबवायची असते. दर वेळी कमी पडलेला जोर चालक अर्धा क्लच दाबून भरून काढतो. क्लचप्लेट लवकर गेली की दोष प्लेटला दिला जातो, टायरला कोणी देत नाही. उलट बाजूने असंही म्हणतात, की मोठ्या टायरने हायवेवर टॉप गिअरला इंजिन शांत चालतं. पुणे-सोलापूर महामार्गावर रिकामी गाडी एकसारख्या वेगाने नेताना हे खरं आहे. पण व्हॅनचं आयुष्य थांबत-थांबत, भरलेल्या अवस्थेत जातं. तिथे टॉप गिअर झेपत नाही म्हणून एक गिअर खाली उतरावं लागतं आणि ती शांतताही जाते, बचतही जाते.

ब्रेकचंही तसंच. ब्रेकचे लाइनर आणि पॅड चाकाला रोखतात ते आसाभोवती. चाकाची त्रिज्या वाढली की पायाच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. पाय अधिक दाबला की गाडी थांबते, हे मान्य. पण अचानक मूल आडवं आलं तर पायाला झालेल्या सवयीवरच सगळं अवलंबून असतं. शिवाय मोठी रिंग आणि मोठा टायर मिळून सहसा जड भरतात आणि ते वजन स्प्रिंगांच्या खाली, फिरणाऱ्या भागात वाढतं. ते फिरवायला, थांबवायला आणि खड्ड्यात आपटून वर आल्यावर आवरायला जास्त जोर लागतो. मॅगव्हील म्हणजे हलकं, हा समजही सरसकट खरा नाही. ओतीव मिश्रधातूची मोठी रिंग मूळच्या लहान पत्र्याच्या रिंगेपेक्षा जडही असू शकते. वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय हे ठरत नाही.

मीटरचा मुद्दा याच गणितातून येतो. काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, अंतर नाही. मूळ टायर एका फेरीत १.६७ मीटर जातो, तर १६५/६५ आर १४ हा टायर १.७९ मीटर. काटा ८० दाखवतो तेव्हा हिशेबाने वेग निघतो ८५.८. यावर जाणकार असं म्हणतात, की कंपनीचा काटा मुळातच थोडा पुढे असतो, मोठ्या टायरने तो उलट बरोबर होतो. त्यांचं अर्धं बरोबर आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, असा दंडक असल्याने उत्पादक तो जरा जास्तच दाखवेल असा बसवतात. पण तो फरक प्रत्येक गाडीत किती आहे हे ठरलेलं नाही, आणि किलोमीटर मोजणाऱ्या आकड्याला तशी ढिलाई नसते. मीटरवर १०,००० किमी दिसतील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०,७०० च्या वर धावलेली असेल. ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग सगळंच तेवढं उशिरा होईल. ॲव्हरेजही खोटं दिसेल: किलोला खरोखर १८ किमी देणारी गाडी मीटरवर १६.८ दाखवेल. मग कोणी म्हणतं मोठ्या टायरने ॲव्हरेज पडलं, कोणी म्हणतं काहीच फरक नाही. मीटर दुरुस्त केल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. किलोमीटरवर भाडं घेणाऱ्या गाडीचं तर मोठ्या टायरने थेट नुकसान होतं, कारण धावलेले सात टक्के किलोमीटर बिलात येतच नाहीत.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे: कंपनी पैसे वाचवायला लहान टायर देते आणि तीच कंपनी महागड्या मॉडेलला मोठ्या रिंगा देते, मग मोठी रिंग वाईट कशी? कंपनी खर्चाचा विचार करते यात शंका नाही. पण व्हॅनला लहान चाक देण्यामागे रचनेचंही कारण असतं. चाक लहान की त्याची खोबण लहान, खोबण लहान की आतला फरशीचा भाग सपाट आणि खाली, आणि फरशी खाली की माल चढवायला सोपा. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत विकली गेली, ती १२ इंची रिंगांवर. तिच्या टायरच्या मापापुढे ‘एलटी’ आणि ‘६ पीआर’ अशी अक्षरं असत. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर आणि पीआर म्हणजे त्याच्या थरांची ताकद. भार पेलण्यासाठी कंपनीने टायर मोठा केला नाही, मजबूत केला. महाग मॉडेलला मोठी रिंग देताना ती काय करते, हे स्विफ्टमध्ये पाहता येतं. साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. पहिल्याचा व्यास ६२० मिमीच्या थोडा खाली, दुसऱ्याचा ६२१.५ मिमी. रिंग इंचाने वाढली, तरी पूर्ण टायरचा व्यास दोन मिलिमीटरसुद्धा बदलला नाही, कारण कड तेवढी बुटकी केली. मोठी रिंग चालते, पण व्यास जपून, हा धडा कंपनीनेच घालून दिला आहे. दुकानात ईकोला १४ इंची टायर घालताना नेमका हाच नियम मोडला जातो.

मग व्यास जपूनच १४ इंची रिंग घालावी का? कागदावर जमतं. १६५/५५ आर १४ चा व्यास ५३७ मिमी येतो, म्हणजे जेमतेम एक टक्का वाढ. पण या टायरची कड १०१ वरून ९१ मिमीवर येते. रिंग आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये जे हवेचं गादीसारखं अंतर असतं, त्यातलं सेंटीमीटरभर गेलं. ऊसवाहतुकीच्या हंगामात पाटस, आलेगावकडे ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या धावू लागल्या की रस्त्याच्या कडा तुटतात, डांबर आणि साईडपट्टीत पायरी पडते. समोरून ट्रॉली आली की व्हॅनला एक चाक त्या पायरीखाली उतरवावंच लागतं. तिथे बुटकी कड चिमटली जाते, तिच्या आतले धागे तुटतात आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. पत्र्याची रिंग वाकली तर ठोकून सरळ होते, ओतीव मॅगव्हील मात्र तडकतं. तडा बारीक असला की ट्यूबलेस टायरची हवा रोज थोडी थोडी उतरते आणि पंक्चर शोधूनही सापडत नाही. शिवाय हे माप तालुक्याच्या दुकानात ऐनवेळी मिळेल याची खात्री नाही. रोजच्या कमाईच्या गाडीसाठी गावात मिळणारं माप हासुद्धा एक गुण आहे.

पकडीचा युक्तिवाद पावसाळ्यात जोर धरतो: रुंद टायर घसरत नाही म्हणतात. कोरड्या डांबरावर, चांगल्या रबराच्या रुंद टायरने वळणावर फायदा होतो. पण टेकणारी जागा रुंद आणि आखूड झाली की पाणी आणि चिखल बाजूला सारायला टायरला कमी वेळ मिळतो. ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला काळ्या मातीचा राडा आणि त्यावर पहिल्या सरी, हे इथलं नेहमीचं दृश्य. तिथे रुंदीपेक्षा खाचांची खोली जास्त कामाची. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असावी लागते आणि खाचांमध्ये त्या उंचीचे बारीक उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. मूळ मापाचा नवा टायर हा गोटा झालेल्या रुंद टायरपेक्षा केव्हाही जास्त धरून राहतो. टायरचं वयही बघायला हवं. कडेवरच्या लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात स्वस्त मिळणारा मोठा टायर कित्येकदा जुना साठा असतो, हे या चार आकड्यांनी उघड होतं.

राहिली रिंग. ती बसते की नाही हे फक्त व्यासावर ठरत नाही. बोल्टच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. चार बोल्टच्या गाड्यांत १०० मिमी आणि ११४.३ मिमी ही दोन मापं सर्रास आढळतात. दोन्हींना चालावी म्हणून आठ छिद्रांची मॅगव्हीलं विकली जातात. त्यात चारच छिद्रं वापरली जातात, बाकीची रिकामी राहतात. दुसरं माप मधल्या भोकाचं. ते हबपेक्षा मोठं असेल तर रिंग हबवर न टेकता केवळ बोल्टवर मध्य साधते. मग बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं. त्यासाठी मधली कडी मिळते, ती घालायलाच हवी. तिसरं आणि सर्वांत दुर्लक्षित माप ऑफसेटचं: रिंगेच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती आत किंवा बाहेर आहे ते. समजा रिंग एक इंच रुंद घेतली, तर ऑफसेट तोच असताना ती दोन्ही बाजूंना पावणेतेरा मिमी वाढते. त्यात ऑफसेट १५ मिमीने कमी असेल तर बाहेरची कड पावणेतीन सेंटीमीटर बाहेर येते. दिसायला गाडी रुंद, दमदार दिसते. पण चाकाचा भार बेअरिंगपासून लांब गेला की ती बेअरिंगला उपटू पाहणारी तरफ होते, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देतं आणि पूर्ण भरलेल्या गाडीत टायर मडगार्डच्या काठाला घासतो. स्पेसर लावून चाक बाहेर काढण्याचा मार्ग तर याहून वाईट. दोन्ही पुढची चाकं पूर्ण वळवून आणि मागे माल भरून, अशा दोन्ही अवस्थांत जागा मोजल्याशिवाय ‘बसतंय’ हा निर्वाळा पोकळ आहे. रिकाम्या उभ्या गाडीवर तर सगळंच बसतं.

‘पकडतं कोण?’ हा शेवटचा आक्षेप. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं माप आणि प्लायसुद्धा लिहिलेली असते. व्यावसायिक परवान्यावरच्या गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मग दौंडची गाडी बारामतीला जावो किंवा शिरूरची पुण्याला. रोज रस्त्यावर कोणी टायर मोजत नाही हे मान्य. पण अपघात झाला की विम्याचा सर्वेक्षक नक्की मोजतो. कंपनीला न कळवलेला बदल हे दावा अडवायला आयतं कारण ठरतं. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या मालकाने हा धोका कशासाठी पत्करायचा?

मूळ टायर भाराला अपुरा वाटतो, ही शंका मात्र रास्त असू शकते. मोठ्या टायरचा भारनिर्देशांक जास्त असतो, हेही खरं: १६५/६५ आर १४ चा तो साधारण ७९ असतो, म्हणजे ४३७ किलो. पण टायर जास्त पेलू लागला म्हणून आस, स्प्रिंग, बेअरिंग आणि ब्रेक जास्त पेलू लागत नाहीत. गाडीचं नोंदलेलं वजन तेच राहतं. जास्तीचा निर्देशांक हा राखीव ताकद म्हणून ठेवायचा असतो, जास्त माल भरण्याची परवानगी म्हणून नाही. ती राखीव ताकद १३ इंचातही मिळते. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेला जास्त प्लायचा किंवा एलटी टायर ही पहिली निवड. तशी मुभा असेल तर १६५/६५ आर १३ हेही माप विचारात घेता येतं. त्याचा निर्देशांक साधारण ७७ असतो, म्हणजे चाकामागे ४१२ किलो, आणि व्यास वाढतो फक्त १३ मिमी, अडीच टक्क्यांच्या आत. व्यासाचा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा जगभर मानला जाणारा ढोबळ नियम तिथे पाळला जातो. निर्देशांक मूळपेक्षा कमी असलेला टायर मात्र कुठल्याही मोहाने घेऊ नये. जे घ्यायचं ते पाचही चाकांना घ्यावं. ईकोची मागची चाकं गाडी ओढतात, आणि एका बाजूला मोठं चाक, दुसऱ्या बाजूला जुन्या मापाची स्टेपनी असं झालं की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं फिरत राहतं. रूपाची हौस असेल तर मूळ मापाचं, मूळ ऑफसेटचं, आयएसआय चिन्ह असलेलं १३ इंची मॅगव्हील घ्यावं. नवीन रिंगा बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा हवेची. ‘उन्हाळ्यात टायर फुटतो, हवा कमी ठेवा,’ हा सल्ला गावोगाव ऐकू येतो आणि तो उलटा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं तर दाब दीड-दोन पीएसआय वाढतो आणि एवढ्या वाढीची सोय टायरच्या रचनेत असते. कमी हवेच्या टायरची कड मात्र दर फेरीला जास्त मुरडते, मुरडून तापते आणि तापल्यावर थर सुटतात. भरलेल्या गाडीचा उन्हाळ्यात फुटलेला टायर बहुधा हवा जास्त म्हणून नव्हे, तर कमी हवा आणि जास्त माल यांच्या जोडीने फुटलेला असतो. म्हणून १४ इंची चाकांसाठी पैसे मोजण्याआधी एवढं करावं: दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचावं, भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना सांगितलेली हवा सकाळी थंड टायरात तपासावी, अलाइनमेंट करून घ्यावी आणि गाडी एकदा माल भरून वजनकाट्यावर घ्यावी. वजन नोंदीच्या आत निघालं तर मूळ मापाचे नवे टायर पुरेसे आहेत. वजन नोंदीच्या बाहेर गेलं, तर टायर बदलून भागणार नाही. माल कमी करा, नाही तर मोठी गाडी घ्या.